दवंडीपासून निवेदनापर्यंत

स्मरणिका समितीने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा विषयही समितीनेच सुचविला होता: विद्यालयाच्या वाटचालीचा इतिहास. इतिहासाच्या शिक्षकाकडून दुसरे काय मागावे! परंतु तो इतिहास याच अंकात अधिक अधिकारी मंडळी लिहीत आहेत. स्थापनेची वर्षे, इमारतींचे कोनशिला समारंभ, आजी-माजी मुख्याध्यापकांची नावे त्यांच्या लेखांत आपणांस सापडतील. आम्ही मात्र अशा एका कामाविषयी लिहिणार आहोत, ज्याची नोंद हजेरीपटात होत नाही आणि ज्याला प्रगतिपुस्तकात रकाना नाही. वसतिगृहात त्याला 'प्रसिद्धीचे काम' म्हणतात. महाविद्यालयांतून त्यालाच आता जनसंपर्क म्हणतात, त्याचे अभ्यासक्रम असतात, पदविका मिळतात. आमच्या एका विद्यार्थिनीने हे काम प्रथम हाती घेतले, तेव्हा आम्ही जवळून पाहत होतो. तिने जे पाहिले आणि तिच्यामुळे आम्हांस जे पाहावे लागले, ते येथे सांगावयाचे आहे.

तिचे नाव देत नाही. तशी तिचीच अट आहे. दुसऱ्यांच्या प्रसिद्धीचे काम करणारी ही मुलगी स्वतःच्या प्रसिद्धीबाबत भलतीच कृपण आहे. ती मूळची धानोरा तालुक्यातील. घरी गोंडी, शाळेत मराठी, आणि प्रार्थनेच्या वेळी त्रिशरण-पंचशीलाची पाली, अशा तीन भाषांत तिचा दिवस जाई. अकरावीत असताना तिच्याकडे हे काम आले ते तिचे अक्षर चांगले होते म्हणून. दुसरे कोणतेही कारण नव्हते. वसतिगृहाचा सूचनाफलक आठवडाभर तिने लिहिला आणि तो लोक थांबून वाचू लागले, हे गृहपालांच्या ध्यानात आले.

पुढे जाण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. इतिहासाच्या माणसाची ही सवय वाचक क्षमा करतील.

आपल्या समाजाला जनसंपर्काचे काम नवीन नाही. गावगाड्यात ते शतकानुशतके आपल्याच पूर्वजांच्या माथी होते. गावात दवंडी पिटणे, परगावी सांगावा पोहोचविणे, मयताची वर्दी घेऊन उन्हातान्हात कोसच्या कोस धावणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्यापुढे चालणे, ही सारी महार वतनातील कामे होती. आपल्या चांदा भागात कोतवालाकडून अशीच कामे घेतली जात. म्हणजे गावाची वाणी आपल्या मुखातून बाहेर पडत होती. परंतु तिच्यातील एकही शब्द आपला नव्हता. पाटलाचा हुकूम, सावकाराचा लिलाव, सरकारचा सारा. ज्याच्या गळ्यातून हाळी निघे, त्याने स्वतःविषयी काही सांगावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती, आणि ऐकून घेण्याची तयारी तर मुळीच नव्हती.

म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, ही घटना आम्ही वर्गात शिकवितो तेव्हा तिला केवळ एका पाक्षिकाचा जन्म मानत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. त्या पाक्षिकाची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः नोंदवून ठेवले आहे. बातमी नव्हे, लेख नव्हे. दाम मोजून मागितलेली जाहिरात! त्यानंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ही नावे एकापुढे एक ठेवून पाहावीत. मुका, बहिष्कृत, जनता आणि मग प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एका समाजाने स्वतःला कोणत्या नावाने जगापुढे उभे केले, त्याचा हा आलेख आहे.

आणि बाबासाहेबांची शिस्त पाहावी. धम्मदीक्षेचा दिवस त्यांनी २३ सप्टेंबर १९५६ रोजी निवेदन काढून जाहीर केला. १४ ऑक्टोबर, दसरा, सकाळी नऊ ते अकरा, नागपूर. दिवस, वेळ, स्थळ, सगळे त्यात होते. १३ ऑक्टोबरला नागपुरातील श्याम हॉटेलात त्यांनी वार्ताहरांना बोलाविले आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. एवढी मोठी क्रांती, पण तिच्या प्रसिद्धीत अघळपघळ काही नव्हते. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते आपल्या चांद्यास आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी येथील सोहळ्याचा भार वाहिला होता. जंगलपट्टीतील गावांत ही वार्ता कशी पोहोचली, ते आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे सांगत. आठवडी बाजारात एकाने दुसऱ्यास सांगितले, बैलगाडीवाल्याने पुढच्या गावी नेले, पांढरे कपडे धुऊन तयार ठेवा म्हणून बायकांनी बायकांना सांगितले. जे पाय पूर्वी दुसऱ्याच्या मयताची वर्दी घेऊन धावत होते, तेच पाय या वेळी स्वतःची वार्ता घेऊन निघाले होते.

त्याच १६ ऑक्टोबरच्या निमित्ताने दरवर्षी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो, तेथे आपल्या विद्यालयाची पाणपोई असते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. आपल्यापैकी अनेकांनी तेथे घागरी भरल्या आहेत. आमच्या विद्यार्थिनीला पहिला अनुभव मिळाला तो तेथेच. पाणपोईच्या बाजूला टेबल, टेबलावर एक लहान ध्वनिक्षेपक, आणि चुकलेल्या माणसांची नोंदवही. सूचना लिहिणे आणि वाचणे तिच्याकडे होते.

पहिल्या तासात तिने जे लिहिले ते असे होते: "एक लहान मुलगा सापडला आहे, पालकांनी संपर्क साधावा." तीन वेळा वाचले. कोणीही आले नाही. मग तिने त्या मुलाकडे पुन्हा पाहिले आणि नव्याने लिहिले: निळी चड्डी, डाव्या पायात चप्पल नाही, आईला 'माय' नव्हे 'बाय' म्हणतो, ब्रह्मपुरीच्या गाडीने आलो म्हणतो. दहा मिनिटांत आई आली. आम्ही तिला काही शिकविले नव्हते. गर्दीत बोलावयाचे असेल तर गर्दीशी बोलून चालत नाही, त्या एका आईशी बोलावे लागते, हे तिला त्या चप्पल नसलेल्या पायाने शिकविले.

दुपारनंतर एक वृद्ध बाई टेबलापाशी आणून बसविण्यात आली. तिला मराठी फारसे येत नव्हते. शेजाऱ्यांबरोबर आली होती आणि गर्दीत हात सुटला होता. स्वयंसेवक तिला मोठमोठ्याने मराठीत विचारीत होते, जणू आवाज वाढविला म्हणजे भाषा कळते. आमच्या विद्यार्थिनीने तिच्याशी गोंडीत दोन वाक्ये बोलून घेतली आणि ध्वनिक्षेपकावरून पुढची सूचना गोंडीतच दिली. पाणी पिणारी माणसे क्षणभर थांबली. काही मुले हसलीही. सूचना संपताच तिने तीच मराठीत वाचली, आणि मग पुन्हा गोंडीत. शेजारी सापडले ते बऱ्याच उशिरा, दिवेलागणीला.

त्या हसणाऱ्या मुलांशी आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात बोललो. त्यांना विनयपिटकातील कथा सांगितली. मूळच्या ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी तथागतांना विनविले की लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते वैदिक छंदात बांधून घ्यावे. तथागतांनी ती सूचना नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीक दिली. वाराणसीजवळ पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेला पाठविताना एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले होते, तेही आम्ही सांगितले. कारण त्यामागे व्यवहार आहे. दोघे एकाच वाटेने गेले तर दुसऱ्या वाटेवरची गावे राहून जातात.

परंतु प्रसिद्धीच्या कामातील कडू घोट अजून यावयाचा होता.

पाणपोईविषयीची बातमी तिने लिहिली आणि एका दैनिकाच्या स्थानिक वार्ताहराकडे दिली. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी दोन दिवस पाणी वाटले, चुकलेल्या माणसांना नातलगांकडे पोहोचविले, सूचना मराठी व गोंडी या दोन भाषांत दिल्या, असा सरळ मजकूर होता. तिसऱ्या दिवशी छापून आले ते चार ओळींत. मथळ्यात मुलांना 'वंचित आदिवासी बालके' म्हटले होते. ज्यांनी हजारोंची तहान भागविली, त्यांच्याविषयी शेवटची ओळ अशी होती की या बालकांना समाजाच्या मदतीची गरज आहे. गोंडीचा उल्लेखच नव्हता.

वसतिगृहात आनंद झाला. नाव छापून आले! मुलांनी कात्रण फलकावर लावले. तिने ते कात्रण काढले नाही, पण आमच्याकडे येऊन म्हणाली, "सर, आम्ही तिथे पाणी दिलं की मागितलं?"

हा प्रश्न घेऊन ती स्वतःच त्या वार्ताहराकडे गेली. आम्ही सोबत होतो, परंतु बोललो नाही. तो मनुष्य सज्जन निघाला, हे कबूल केले पाहिजे. महिन्याकाठी हातात पडणारे मानधन अगदीच थोडे. बाकीची कमाई जाहिरात मिळवून देण्यातून. त्याने तिला चहा पाजला आणि अर्ध्या तासात जे शिकविले ते कोणत्याही पदविकेत एवढ्या सुबोधपणे मिळणार नाही. "पाय पोरी, म्या लिवलं होतं थे येगळं. मथळा शहरातल्या टेबलावर होते. जागा कमी पडली का बातमी खालून कापतेत. जे जीवाचं हाये थे पहिल्या ओळीत लिहाचं. फोटो पाठवला तर डावीकडून कोण कोण, नावं लिहून द्याची. नावं नाही दिली का मंग थे 'बालके' होऊन जातेत." बातमी सायंकाळी पाच-सहाच्या आत पोहोचली पाहिजे, सणावाराला जागा जाहिरातींनी भरलेली असते, म्हणून आदल्या दिवशीच देऊन ठेवावी, हेही त्याने सांगितले. निघताना मात्र त्याने आमच्याकडे वळून वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी विद्यालयाच्या जाहिरातीचे विचारले. त्याचे पोट त्यावर होते.

परत येताना तिने विचारले की जाहिरात दिली नाही तर पुढची बातमी येईल का. आम्ही तिला 'मूकनायक'च्या जाहिरातीची हकिगत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेव्हा पैसे देऊनही छापत नव्हते, आता पैसे दिले तरच छापतात." हे विधान सर्वस्वी न्याय्य नाही, पैशावाचून बातमी देणारी पुष्कळ माणसे या धंद्यात आम्ही पाहिली आहेत. तरी अकरावीतल्या मुलीने शंभर वर्षांचा इतिहास एका वाक्यात असा उलगडलेला पाहून आम्हांला बरे वाटले, हे लपवीत नाही.

पुढील बातम्यांत तिने नावे लिहिण्याचा सपाटा लावला. विज्ञान प्रदर्शन असो की धावण्याची शर्यत, प्रत्येक बातमीच्या पहिल्याच ओळीत नाव, गाव, इयत्ता. काही छापून येत, बहुतेक कापल्या जात. परंतु 'बालके' हा शब्द पुन्हा आला नाही.

खरा पेच पुढच्या वर्षी पडला. मुलींच्या वसतिगृहात पाण्याची टाकी नव्हती आणि स्नानगृहे अपुरी होती. एका मोठ्या उद्योगाच्या सामाजिक दायित्व विभागाकडे अर्ज केला होता, आणि त्यांचे अधिकारी पाहणीसाठी येणार होते. उद्योगाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. येण्यापूर्वी त्यांनी एक माहितीपत्रक मागविले, आणि कळविले की त्यात छायाचित्रे 'बोलकी' असावीत. बोलकी म्हणजे काय, ते दूरध्वनीवर स्पष्ट झाले. अनवाणी मुले, ताटातले पातळ वरण, शक्य झाल्यास एखाद्या मुलीची करुण कहाणी, आणि स्वागताला पारंपरिक वेशात नृत्य.

माहितीपत्रक लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. तिने आधी चौकशी केली की हा पैसा येतो कोठून. ग्रंथालयात बसून आम्ही दोघांनी पाहिले. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपयांहून कमी नाही, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. "म्हणजे हे दान नाही, सर," ती म्हणाली. आम्ही म्हटले, कायद्याने त्यांच्यावर खर्चाचे बंधन आहे. तो खर्च आपल्याच शाळेवर करावा असे बंधन नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चंद्रपूरचा कोळसा देशभर जातो, येथील वीज देशभर जाते, आणि येथील मुलींना अंघोळीसाठी पहाटे चारला रांग लावावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

तिने पत्रक लिहिले ते साधे होते. किती मुली राहतात, किती नळ आहेत, उन्हाळ्यात हातपंपाला पाणी किती वेळ येते, टाकीचे अंदाजपत्रक किती. शिवाय मागच्या दहावीत काही मुले गणितात अनुत्तीर्ण झाली, तेही तिने लिहिले. हे लिहिण्याचे कारण विचारता ती म्हणाली की तुम्हीच वर्गात कलिंगाचे सांगितले होते.

ते असे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप आहे. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक मेली, हे एका राजाने स्वतः दगडावर कोरून ठेवले. जगाच्या इतिहासात असे उदाहरण विरळा. आम्हांस त्याचा अभिमान आहे आणि असलाच पाहिजे. परंतु प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगड येथे, जे लेख आहेत त्यांत हा तेरावा लेख नाही. त्या जागी वेगळे दोन लेख आहेत, ज्यांत राजा प्रजेला आपली लेकरे म्हणतो. ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढे तो आकडा उच्चारणे राजनीतीला परवडले नसावे. प्रत्येक तुकडीत कोणी तरी विचारते, मग सम्राट खोटे बोलले का? आम्ही सांगतो की खोटे बोलले नाहीत, गाळले. गाळणे आणि खोटे बोलणे यांतील अंतर किती, यावर मुलांना वाद घालू देतो. सम्मावाचेत असत्य, चहाडी, कठोर वचन आणि वायफळ बडबड या चारांचा त्याग सांगितला आहे. गाळणे कोणत्या रकान्यात घालावे, यावर वर्गाचे कधीही एकमत झालेले नाही.

(जाता जाता. राजाज्ञा दगडावर कोरून लोकांपुढे ठेवण्याची ही पद्धत आपल्याही मुलखात पोहोचली होती. नागभीड तालुक्यातील देवटेक येथे ब्राह्मीतील एक प्राचीन लेख सापडला आहे, त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई आहे, आणि त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचाही लेख आहे. एकाच फलकावर जुन्या सूचनेपाठोपाठ नवी लावण्याची आपल्या वसतिगृहाची सवय किती प्राचीन आहे, ते यावरून दिसते.)

छायाचित्रांच्या बाबतीत तिने आणखी एक गोष्ट केली. धानोरा तालुक्यातच मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे बहुतेकांना वृत्तपत्रांतून ठाऊक आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. त्या परिसरात वाढलेल्या मुलीला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. तिने रात्री जेवणानंतर सर्व मुलींना एकत्र बसवून पत्रक वाचून दाखविले आणि प्रत्येकीला विचारले, तुझे छायाचित्र घालू का. चौघींनी नको म्हटले. त्या चौघींची छायाचित्रे गेली नाहीत. ज्यांची गेली त्यांच्याखाली नावे होती, आणि त्यांपैकी एकही अनवाणी नव्हती, कारण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चपला घातल्या होत्या.

व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत यावर पुष्कळ चर्चा झाली. एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी या संस्थेसाठी आपली शेती गहाण टाकली होती, ते म्हणाले की दया आल्यावाचून कोणाचा हात खिशात जात नाही. पोरींना पाणी मिळणे महत्त्वाचे, छायाचित्र दोन दिवसांत रद्दीत जाते. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ज्या पिढीने घरोघरी फिरून धान्याच्या मुठी गोळा करून हे वसतिगृह चालविले, त्या पिढीला हात पसरण्याची लाज वाटत नसे. कारण ते स्वतःसाठी पसरीत नव्हते. आमचे मत मात्र मुलीच्या बाजूने होते आणि आजही आहे. मुठीमुठीने धान्य मागणाऱ्यांनी मुलांना पुढे उभे केले नव्हते. ते स्वतः दारात उभे राहिले होते. हा फरक आम्ही बैठकीत मांडला. पत्रक तिने लिहिले तसेच गेले. नृत्याऐवजी मुलींनी पाहुण्यांना हातपंपापर्यंत नेले आणि एक घागर भरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळात दाखविले.

पाहुण्यांनी कौतुक केले. चार महिन्यांनी उद्योगाकडून वर्गासाठी बाके आली. टाकीला मंजुरी आली नाही. पत्रक वेगळे असते तर आली असती काय, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला आणि मुली हातपंपावरून पाणी वाहत राहिल्या. पालक सभेत एका मातेने उभे राहून सर्वांसमक्ष त्या मुलीला विचारले, "एक फोटू दिला असता तं तुझं काय झिजलं असतं बाई? माह्या पोरीचे हात पाय." तिने त्या मुलीचे हात पाहिले. उत्तर दिले नाही. सभा संपेपर्यंत ती मान खाली घालून बसली होती, आणि त्या दिवशी आम्हीही तिला धीराचा शब्द देऊ शकलो नाही. त्या मातेपुढे उच्चारावा असा शब्द आमच्यापाशी नव्हता.

त्याच आठवड्यात तिने आणखी एक मजकूर लिहिला. तो कोणत्याही उद्योगाला नव्हता. तो या लेखाच्या वाचकांपैकी बहुतेकांना आला होता. आपल्याला आठवत असेल, एका पानाचे पत्र, हाताने लिहून छायाप्रत काढलेले. 'आपण जेथे राहून शिकलात तेथील मुलींना' अशी त्याची पहिलीच ओळ होती. जे जीवाचे ते वर लिहावे, हा वार्ताहराचा धडा ती विसरली नव्हती. कोणी पन्नास रुपये पाठविले, कोणी एका महिन्याचा पगार. भद्रावतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने सुट्टी घेऊन गवंडीकाम केले आणि पैसे घेतले नाहीत. ज्या मातेने सभेत प्रश्न विचारला, तिने एक दिवस विटा वाहिल्या. टाकी उभी आहे. स्नानगृहांपैकी दोन अजून व्हावयाची आहेत, आणि समितीने परवानगी दिली म्हणून तेही येथे नोंदवीत आहोत.

ती विद्यार्थिनी पुढे नागपूरला गेली, जनसंवादाचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला. पुण्या-मुंबईच्या सहाध्यायांनी तिला पहिल्याच आठवड्यात विचारले की गडचिरोलीत राहणे सुरक्षित आहे का. वृत्तपत्रांतून गडचिरोली म्हटले की चकमक, सुरुंग आणि हिवताप एवढेच दिसते, त्याला ती मुले तरी काय करणार? तिने त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी नेले. चौघे आले होते. मोहफुले वेचावयास पहाटे जंगलात जावे लागते हे ऐकून दोघे घरीच झोपून राहिले.

आता ती गडचिरोली जिल्ह्यात आरोग्याच्या कामासाठी लोकांना समजतील अशी पत्रके आणि ध्वनिफिती तयार करते. नोकरी कंत्राटी आहे, वर्षावर्षाने नूतनीकरण होते. हिवतापाविषयीच्या एका भित्तिपत्रकाचा कच्चा मजकूर तिने गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तपासण्यास पाठविला. मच्छरदाणीत झोपावे, ताप आला तर रक्त तपासून घ्यावे, गोळ्यांचा पूर्ण डोस घ्यावा, असा मजकूर होता. चित्रातील बाईला नाव होते, गावही होते. मराठी भागात आम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्या आणि एक वाक्य आखूड केले. खाली तोच मजकूर देवनागरी लिपीत, गोंडी भाषेत होता. तो आम्हांस तपासता येत नाही असे कळविले, तेव्हा तिने उत्तर पाठविले की तो तिच्या आजीने ऐकून आधीच दुरुस्त केला आहे. आजीच्या मते 'गोळी' या शब्दाने आमच्या भागात माणसे दचकतात, म्हणून तेथे 'औषध' असा शब्द घातला आहे, आणि मराठीतही तसाच बदल करावा.